शोध लागला, पुढे काय?

विज्ञान प्रदर्शन संपते, परीक्षक गुणपत्रके घेऊन निघून जातात आणि बक्षीस मिळालेला एखादा विद्यार्थी आपल्यापाशी येऊन विचारतो, "सर, याचं पेटंट काढता येईल का?" प्रश्न ऐकून आपल्याला बरे वाटते. पण उत्तर देताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली ही की, हा प्रश्न प्रदर्शनाच्या आधी विचारायला हवा होता. दुसरी ही की, हा प्रश्न अर्धाच आहे. पेटंट मिळाल्यावर ती वस्तू बनवणार कोण, विकणार कोण आणि लोक ती का घेतील, हा त्याचा उरलेला अर्धा भाग आहे.

पाठीशी कारखाना नाही, कंपनी नाही, विद्यापीठ नाही, अशा एकट्या संशोधकाला हे दोन्ही अर्धे स्वतःच सांभाळावे लागतात. ते कसे, हे या लेखात पाहू. त्यासाठी मुंबईतच जन्मलेल्या एका संशोधकाची हकीकत आपल्याला उपयोगी पडेल.

शोध लागणे आणि शोध लावणे

सुरुवातीलाच एका शब्दाची उकल करून घेऊ. मराठीत 'शोध' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला असे आपण म्हणतो आणि एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला असेही म्हणतो. पण गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधीही होतेच. त्याचा नियम त्याला उमगला. फोनोग्राफ मात्र एडिसनच्या आधी नव्हता. तो त्याने घडवला.

कायदा हा फरक काटेकोरपणे पाळतो. निसर्गात आधीपासून असलेली वस्तू, विज्ञानाचा नियम, गणिताची पद्धत यांचे पेटंट मिळत नाही. रामन परिणाम हा नोबेल पारितोषिकाच्या योग्यतेचा शोध, पण त्याचे पेटंट घेता येत नाही. त्या परिणामाचा उपयोग करून रसायने ओळखणारे नव्या रचनेचे उपकरण कोणी बनवले, तर त्या उपकरणाचे घेता येते. विद्यार्थ्यांना हा फरक समजावून देणे हाच या विषयाचा पहिला धडा होय.

खिळ्यांच्या मुंबईत

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. लहानपणापासून यंत्रांचे वेड. 'सायंटिफिक अमेरिकन' हे मासिक त्यांच्या वाचनात आले आणि त्यातून त्यांनी यंत्रविद्येचे बरेचसे शिक्षण स्वतःच करून घेतले. तरुणपणी त्यांनी मुंबईत एक 'सायंटिफिक क्लब' काढला आणि 'विविध कलाप्रकाश' नावाच्या मराठी मासिकातून विज्ञान सोप्या भाषेत सांगितले. मुंबईच्या लोकल गाड्यांसाठी पुढचे स्टेशन दाखवणारा दर्शक ही त्यांची एक कल्पना. आज लोकलच्या डब्यात स्टेशनाचे नाव झळकते तेव्हा भिसे यांची आठवण कोणाला होत नाही, पण ही गरज त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका ब्रिटिश नियतकालिकाने संशोधकांसाठी स्पर्धा जाहीर केली. वाण्याच्या दुकानात साखर, पीठ यांसारखे पदार्थ आपोआप वजन करून देणारे यंत्र हवे होते. भिसे यांच्या आराखड्याला पहिला क्रमांक मिळाला. या यशाच्या बळावर ते लंडनला गेले. दिनशा वाच्छा यांच्या शिफारशीमुळे तेथे त्यांना दादाभाई नौरोजी यांचा आधार मिळाला. दादाभाईंनी नुसते कौतुक केले नाही. पदरचे पैसे घातले.

लंडनमध्ये भिसे यांनी अनेक यंत्रे रचली. विजेवर चालणारे त्यांचे जाहिरातीचे यंत्र तेथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले. पण त्यांचे सर्वांत मोठे काम खिळे ओतण्याच्या यंत्राचे. त्याला 'भिसोटाइप' असे नाव मिळाले.

आजच्या विद्यार्थ्यांनी छपाईचा खिळा पाहिलेला नसतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. संगणक येण्यापूर्वी पुस्तकातले प्रत्येक अक्षर धातूच्या एका छोट्या कांडीच्या टोकावर उलटे कोरल्यासारखे असे. त्या कांडीला खिळा म्हणत. जुळारी असे खिळे एकेक उचलून ओळ जुळवत असे. गिरगाव-काळबादेवी हा या व्यवसायाचा बालेकिल्ला होता. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये सुरू केलेला निर्णयसागर छापखाना आपल्या सुबक देवनागरी खिळ्यांसाठी देशभर नावाजला गेला. खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. शुद्ध शिसे फार मऊ. अँटिमनीमुळे ते कडक होते आणि निवताना आकसण्याचे प्रमाण घटते. कथलामुळे रस साच्याच्या कोपऱ्यापर्यंत नीट वाहतो.

भिसे यांच्या यंत्राचा वेग मिनिटाला सुमारे १२०० खिळे असल्याचे सांगितले जाई. म्हणजे सेकंदाला २०! एका साच्यात रस ओतून, निववून, खिळा बाहेर काढण्याला जो वेळ लागतो तो पाहता हा वेग एका साच्याच्या भरवशावर गाठणे अशक्यच. अनेक खिळे एकाच वेळी ओतण्याची युक्ती त्यासाठी हवी. इंग्लंडमधल्या जाणकारांनाही आधी हे खरे वाटले नव्हते.

यंत्र तयार झाले, त्याची पेटंटे घेतली गेली. मग भिसे कोट्यधीश झाले का? त्याचे उत्तर समजण्यासाठी पेटंट म्हणजे नेमके काय ते आधी पाहू.

पेटंट म्हणजे एक देवघेव

पेटंटला शासकीय मराठीत 'एकस्व' म्हणतात. ही संशोधक आणि समाज यांच्यातली देवघेव आहे. संशोधकाने आपली कृती, त्या विषयातल्या जाणकाराला ती करून पाहता येईल इतक्या स्पष्टपणे, लिहून द्यायची. समाजाने त्याच्या बदल्यात ठरावीक वर्षे इतरांना त्याची नक्कल करण्यास मनाई करायची. मुदत संपली की ते ज्ञान सर्वांचे. लपवून ठेवलेल्या युक्त्या त्यांच्या मालकाबरोबर नाहीशा होतात; त्या होऊ नयेत, हा यातला हेतू.

भारतात असा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. त्या वर्षी कोलकात्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. तो या देशातला पहिला अर्ज. सध्याचा कायदा १९७० चा. तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि त्यात १९९९, २००२ व २००५ मध्ये मोठे बदल झाले. आज पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे.

लिहून दिलेल्या कागदाचे आणखी एक महत्त्व आहे. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, असे अनेकदा सांगितले जाते. पण त्या यंत्राचे तपासून पाहता येईल असे आराखडे वा खात्रीलायक समकालीन नोंद पुढे आलेली नाही. त्यामुळे ती कथा तपासता येत नाही आणि विज्ञानात तिला जागा देता येत नाही. भिसे यांच्या खिळे ओतण्याच्या यंत्राचे तसे नाही. त्यांच्या पेटंटांतील वर्णने आणि आकृत्या समोर ठेवून कोणताही अभियंता आजही त्यांची तपासणी करू शकतो.

तीन कसोट्या

पेटंट मिळण्यासाठी वस्तू तीन कसोट्यांना उतरावी लागते. एका कल्पित उदाहरणावरून त्या पाहू.

समजा, दादरच्या एका शाळेतील विद्यार्थिनीने झेंडूचे हार ओवण्याचे हत्यार बनवले. दादर स्टेशनाबाहेरच्या फुलबाजारात हार करणारे लांब सुईत एकेक फूल ओवतात. हिच्या हत्यारात फुले एका नळीत रचायची आणि दट्ट्या दाबला की सुई दहा फुलांतून एकदम पार होते. स्प्रिंगमुळे दट्ट्या पुन्हा जागेवर येतो.

पहिली कसोटी नावीन्याची. अशी वस्तू जगात कोठेही, कोणत्याही भाषेत, आधी प्रसिद्ध झालेली नसावी. दुसरी कसोटी कल्पकतेची. त्या विषयातल्या साधारण जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसावी. नेहमीच्या सुईला नुसती लाकडी मूठ बसवली, तर ते नवे असेल, पण त्यात कल्पकता आहे असे म्हणता येणार नाही. तिसरी कसोटी उपयोगाची. वस्तू कारखान्यात वा धंद्यात बनवता किंवा वापरता यावी.

नावीन्याची कसोटी किती व्यापक आहे, हे हळदीच्या प्रकरणात दिसले. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. आपल्याकडे कापलेल्या बोटावर हळद दाबणे कोणत्या घराला माहीत नाही? पण 'माहीत आहे' एवढे पुरत नाही. लेखी पुरावा लागतो. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने तो गोळा केला. जुने ग्रंथ आणि १९५३ मधला भारतीय वैद्यक नियतकालिकातला एक लेख, असे ३२ संदर्भ तिने मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरवले गेले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गिरगावातल्या युनियन हायस्कूलचे ते विद्यार्थी. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाची अंकीय नोंद ठेवण्याचे काम देशाने हाती घेतले ते अशा अनुभवांतूनच.

आपलेच प्रदर्शन आपल्याला आडवे येते

आता लेखाच्या आरंभी म्हटलेल्या पहिल्या गोष्टीकडे वळू. नावीन्याची कसोटी दुसऱ्यांच्या कामाला लागू होते तशीच ती आपल्या स्वतःच्या कामालाही लागू होते. अर्ज करण्यापूर्वी विद्यार्थिनीने हत्यार प्रदर्शनात मांडले, त्याची रचना तक्त्यावर लिहिली, वर्तमानपत्राने तिचे छायाचित्र आणि माहिती छापली, तर ती रचना जगजाहीर झाली. त्यानंतर केलेल्या अर्जावर "हे तर आधीच प्रसिद्ध झाले आहे" असा आक्षेप येऊ शकतो, मग प्रसिद्ध करणारी ती स्वतःच का असेना.

कायद्यात काही सवलती आहेत. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली किंवा विद्वत्सभेपुढे निबंध वाचला, तर १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. पण शाळेच्या किंवा तालुक्याच्या प्रदर्शनाला ही सवलत असेल असे गृहीत धरू नये. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी अर्ज, मग प्रदर्शन.

हे ऐकून कोणी म्हणेल की, प्रदर्शनाच्या आधी महिनाभर धावपळ करून पूर्ण अर्ज कसा तयार होणार? त्यासाठीच तात्पुरत्या वर्णनाची सोय आहे. वस्तू काय आहे, कशी काम करते, हे आकृत्यांसह लिहून अर्ज दाखल केला की त्या दिवसाची तारीख आपल्या नावावर लागते. पूर्ण वर्णन त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यायचे असते. ते दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. तात्पुरत्या वर्णनात जे लिहिलेच नाही, त्याला मात्र ही तारीख मिळत नाही. म्हणून ते त्रोटक लिहून चालत नाही.

अर्जाचा प्रवास

भारतात पेटंट कार्यालये चार : कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि मुंबई. मुंबईचे कार्यालय पूर्वी लोअर परळला सन मिल कंपाउंडमध्ये होते. आता ते अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज संगणकावरूनही भरता येतो. व्यक्तीला शुल्कात मोठी सूट आहे. संगणकावरून केलेल्या अर्जाला व्यक्तीसाठी १६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीसाठी ४००० रुपये असे मूळ शुल्क आहे. वर्णनाची पाने किंवा दावे ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाल्यास ते वाढते. पेटंट एजंटची मदत घेतल्यास त्याची फी वेगळी.

साधारणपणे १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. त्यावर कोणालाही हरकत घेता येते. तपासणी आपोआप होत नाही. तशी विनंती करावी लागते. पूर्वी त्यासाठी ४८ महिने होते, २०२४ च्या नियमांनुसार ही मुदत ३१ महिने झाली आहे. तपासनीस आक्षेप काढतो, आपण उत्तर देतो आणि सारे ठीक असल्यास पेटंट मिळते. मिळाल्यावरही ते जिवंत ठेवण्यासाठी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी शुल्क भरावे लागते आणि ते टप्प्याटप्प्याने वाढत जाते. शुल्क थकले तर हक्क संपतो.

अर्जाचा गाभा म्हणजे दावे. शेताला जसे कुंपण, तसे शोधाला दावे. आपल्या विद्यार्थिनीने "सात इंच लांबीची पितळी नळी असलेले हत्यार" असा दावा केला, तर शेजारचा आठ इंचांची प्लास्टिकची नळी घेऊन मोकळा होईल. तिने "फुले ओवण्याचे कोणतेही साधन" असा दावा केला, तर साधी सुईही त्यात येते आणि दावा टिकत नाही. फुले एका रेषेत धरणारी नळी, तिच्यातून सरकणारी सुई, तिला ढकलणारा दट्ट्या आणि परत आणणारी स्प्रिंग यांचा परस्परसंबंध नेमका सांगणारा दावा हवा. हे लिहिणे कौशल्याचे काम आहे आणि जाणकाराची मदत घ्यायची झाली तर ती येथे घ्यावी.

आणखी एक गोष्ट. पेटंट त्या त्या देशापुरतेच असते. भारतीय पेटंट श्रीलंकेत चालत नाही. भारतात अर्ज केल्यापासून १२ महिन्यांत परदेशांत अर्ज करता येतात. भारत ७ डिसेंबर १९९८ पासून पेटंट सहकार्य कराराचा सदस्य असल्यामुळे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने सुरुवातही करता येते. पण पुढे प्रत्येक देशाचा खर्च वेगळा पडतो. जेथे आपला माल विकला जाणार नाही, तेथे पेटंट घेऊन पैसे घालवण्यात अर्थ नाही.

घड्याळ चालू असते

आता भिसे यांच्याकडे परत येऊ. पेटंट मिळाले की पैसे मिळतात, हा मोठा गैरसमज आहे. पेटंटमुळे इतरांना मनाई करण्याचा हक्क मिळतो. कोणी नक्कल केली तर पोलीस येऊन पकडत नाहीत. आपणच दिवाणी दावा लावायचा असतो. आणि वस्तू बाजारात आलीच नाही, तर नक्कल करणार तरी कशाची?

भिसे यांच्यापुढे हीच अडचण होती. खिळे ओतण्याचे यंत्र बनवायचे तर कारखाना, कुशल कामगार, छापखान्यांपर्यंत पोचणारे विक्रेते आणि यंत्र बिघडल्यास दुरुस्त करणारे लोक हवेत. लायनोटाइप आणि मोनोटाइप या यंत्रांच्या बलाढ्य कंपन्यांकडे हे सारे होते. भिसे यांच्याकडे उत्तम यंत्र होते, पण भांडवल नव्हते. दादाभाईंनी ब्रिटिश नेते हेन्री हिंडमन यांच्यामार्फतही भांडवल जमवण्याची खटपट केली. ती फळाला आली नाही. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने सर रतन टाटा यांनी मदत केली आणि १९१६ मध्ये भिसे अमेरिकेला गेले. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये खिळे ओतण्याच्या यंत्रासाठी त्यांच्या नावाची कंपनीही निघाली.

या तारखा नीट पाहा. त्या काळी ब्रिटिश पेटंटची मुदत १४ वर्षे होती. १९०४ मध्ये घेतलेले पेटंट १९१८ मध्ये संपणार. भांडवलदारांच्या दारी घालवलेले प्रत्येक वर्ष त्या चौदांतून वजा होत होते. सुधारित यंत्राचे नवे पेटंट घेता येते, पण जुन्या रचनेवरचा हक्क लांबत नाही. शिवाय त्यांचा आधार व्यक्तींवर होता. गोखले १९१५ मध्ये, दादाभाई १९१७ मध्ये आणि सर रतन टाटा १९१८ मध्ये निवर्तले.

भिसे यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे असल्याचे सांगितले जाते. अमेरिकेत त्यांना 'भारताचा एडिसन' म्हणत आणि १९३० मध्ये खुद्द एडिसनशी त्यांची भेटही झाली. पण त्यांना पैसा मिळवून दिला तो मुख्यतः साध्या दिसणाऱ्या वस्तूंनी. कपडे धुण्याच्या एका मिश्रणाचे हक्क त्यांनी विकले. पुढे आयोडीनयुक्त औषध 'ॲटोमिडाइन' या नावाने बाजारात आले. छोट्या कारखान्यात बनवता येईल आणि ग्राहकाला पुन्हापुन्हा घ्यावी लागेल अशी ही वस्तू होती. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये भिसे यांचे निधन झाले. ज्या यंत्रावर आयुष्यातली उमेदीची वर्षे खर्ची पडली, त्याने छपाईच्या बाजारात लायनोटाइप-मोनोटाइपची जागा घेतली नाही. यंत्र कमी प्रतीचे होते म्हणून असे झाले, असे म्हणता येत नाही. भांडवल, कारखाना आणि विक्री यांची साखळी वेळेत जुळली नाही.

एकट्या संशोधकापुढचे मार्ग

एकट्या संशोधकापुढे साधारणपणे तीन मार्ग असतात. वस्तू स्वतः बनवून विकणे. दुसऱ्याला परवाना देऊन प्रत्येक नगामागे स्वामित्वधन घेणे. किंवा हक्क एकरकमी विकून टाकणे. पहिल्या मार्गात नफा आणि जोखीम दोन्ही आपली. तिसऱ्यात दोन्ही दुसऱ्याची. मोठ्या यंत्राला बहुधा दुसरा मार्ग सोयीचा, कारण कारखाना असलेला भागीदार आधीच तयार असतो.

कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवण्याआधी ग्राहकाला भेटावे. तात्पुरता अर्ज दाखल झाल्यावर मिळणारे १२ महिने यासाठी फार मोलाचे आहेत. आपल्या विद्यार्थिनीने हत्यार घेऊन फुलबाजारात जावे. हार करणाऱ्या बाई तिला जे विचारतील ते कोणत्याही परीक्षकाला सुचणार नाही. फुले लहानमोठी असतील तर? ओली फुले नळीत अडकतात का? सुई बोथट झाल्यास नवी कोठे मिळेल? आणि शेवटी, केवढ्याला? समजा हत्याराची किंमत ६०० रुपये आहे आणि त्याने रोज ४० रुपयांचे काम वाचते, तर किंमत १५ दिवसांत वसूल होते. घ्यायला हरकत नाही. रोजची बचत ५ रुपयांचीच असेल, तर वसुलीला १२० दिवस लागतील आणि बाई जुनीच सुई वापरत राहतील. हे उत्तर पहिल्या दोन महिन्यांत कळले, तर रचना सुधारता येते आणि सुधारणा पूर्ण वर्णनात घालता येते का, हेही जाणकाराला विचारता येते. बाजारात मागणीच नाही असे दिसले, तर पुढचा खर्च वाचतो.

कारखानदाराला भेटताना काय बोलणे झाले याची नोंद ठेवावी. अर्ज झालेला नसेल तर गोपनीयतेचा लेखी करार केल्याशिवाय आतली रचना दाखवू नये. "आम्ही तुमचा शोध खपवून देतो" असे सांगून आगाऊ मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून सावध राहावे. ज्याला वस्तूवर विश्वास आहे, तो स्वतःचे पैसे घालतो.

सगळेच पेटंटने राखायचे नसते

पेटंट हे एकच साधन नाही. लालबागच्या मसाला गल्लीचे उदाहरण घ्या. धने, मिरची, दगडफूल यांचे प्रमाण प्रत्येक दुकानाचे वेगळे. आपल्या कायद्यानुसार, घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होत असेल अशा मिश्रणाला पेटंट मिळत नाही. मिळाले असते तरी प्रमाण छापून द्यावे लागले असते. त्यापेक्षा ते घरातच ठेवलेले बरे! याला व्यापारी गुपित म्हणतात. जोवर फुटत नाही तोवर ते टिकते. २० वर्षांची मर्यादा नाही. पण वस्तू उघडून पाहताच युक्ती कळत असेल, तर हा मार्ग उपयोगाचा नाही.

वस्तूच्या केवळ दिसण्यातले नावीन्य, उदाहरणार्थ डब्याचा आकार, डिझाइन म्हणून नोंदवता येते. त्याची मुदत १० अधिक ५ वर्षे. परळ-लालबागच्या मूर्तिकाराने स्वतः घडवलेली नवी मूर्ती ही कलाकृती असल्यामुळे तिला प्रताधिकाराचे संरक्षण आपोआप मिळते. आणि पाकिटावरचे नाव व चिन्ह यांची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी होते. तिचे दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहिले, की तिला अंत नाही.

नावाची ताकद किती असते याचे उदाहरण प्रत्येक वर्गातल्या कंपासपेटीत आहे. १९३१ मध्ये गिरगावात दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर या बंधूंनी 'दांडेकर आणि कंपनी' काढली आणि 'घोडा छाप' शाईची पूड व वड्या विकायला सुरुवात केली. पुढे 'कॅमल' शाई आली आणि त्यातून 'कॅमलिन' हे नाव झाले. शाई ही काही जगात नवी वस्तू नव्हती. पण शाळाशाळांतून पोचलेले नाव आणि त्या नावावरचा विश्वास ही त्या व्यवसायाची मोठी मालमत्ता ठरली. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने कॅमलिनमध्ये मोठा हिस्सा घेण्याचा करार केला, तेव्हाही नाव पुसले नाही. कंपनी 'कोकुयो कॅमलिन' झाली.

शिक्षकांनी काय करावे?

यातले किती शाळेत शक्य आहे? बरेच काही. पहिली गोष्ट म्हणजे नोंदवही. पाने क्रमांकित असलेली बांधीव वही घ्यावी. कल्पना, आकृत्या, फसलेले प्रयोग, मोजमापे हे सर्व तारखेसह लिहावे आणि आठवड्यातून एकदा शिक्षकांनी पाहून सही करावी. भारतात हक्क ठरतो तो मुख्यतः अर्जाच्या तारखेवरून. नोंदवहीमुळे पेटंट मिळत नाही. पण काम कोणी केले, याविषयी वाद उद्भवल्यास ती बोलते आणि वर्णन लिहिताना तिच्याइतका दुसरा आधार नाही.

दुसरी गोष्ट शोधाशोध. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि गूगल पेटंट्सवर लाखो पेटंटे विनामूल्य पाहता येतात. प्रकल्प निवडताना एक तासिका यासाठी द्यावी. "हे तर १९७८ मध्येच झाले आहे" असे आढळले, तर विद्यार्थी हिरमुसतील. पण त्या जुन्या वर्णनातल्या उणिवेतूनच पुढचा प्रकल्प निघू शकतो. मुदत संपलेली पेटंटे तर कोणीही वापरावीत.

तिसरी गोष्ट नावाची. खरा आणि पहिला संशोधक कोण, हे अर्जात सांगावे लागते. संशोधक होण्यासाठी वयाची अट नाही. कल्पना विद्यार्थ्याची असेल तर नाव त्याचेच लागावे. मार्गदर्शन केले, प्रयोगशाळा उघडून दिली, एवढ्यावर शिक्षकाचे किंवा मुख्याध्यापकांचे नाव त्यात येऊ नये. दोघांनी मिळून कल्पना घडवली असेल तर दोघांची नावे यावीत आणि हे काम सुरू करतानाच बोलून घ्यावे.

चौथी गोष्ट मदतीची. २००० मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, म्हणजेच नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन, सामान्य माणसांच्या आणि विद्यार्थ्यांच्या कल्पना निवडून त्यांच्या नावे पेटंट अर्ज करण्यास मदत करते. कल्पना तेथे पाठवायची असेल, तर ती इतरत्र जाहीर करण्याआधी पाठवावी.

यंदाच्या प्रदर्शनाचे प्रकल्प ठरवण्याची वेळ येईल तेव्हा वर्गात फळ्यावर चार प्रश्न लिहून ठेवावेत. हे आधी कोणी केले आहे का? यात नेमके नवे काय? हे कोणाला हवे आहे आणि तो किती पैसे देईल? हे बनवणार कोण? भिसे यांना पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे उत्तम येत होती. उरलेल्या दोहोंची उत्तरे एकट्याने शोधता शोधता त्यांची वर्षे गेली. आपल्या विद्यार्थ्यांनी चारही प्रश्न पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावेत.